आधी पहिला परिच्छेद

"साहित्य हा समाजाचा आरसा असतो." कादंबरीवरच्या दीर्घोत्तरी प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा याच वाक्यानं सुरू होतं. मागोमाग लेखकाचा जन्म, गाव, शिक्षण, पुरस्कार येतात. मग मराठी कादंबरीच्या दालनात या कृतीनं मोलाची भर घातल्याचं कळतं, आणि लेखकानं वास्तवाचं प्रभावी चित्रण केल्याचंही. एवढ्यात उत्तरपत्रिकेचं एक पान भरलेलं असतं. कादंबरी मात्र अजून उघडलेली नसते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. बी.ए. आणि एम.ए.च्या मुलामुलींना कादंबरी शिकवणं हा माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग. ही मुलं वर्गात कादंबरीवर बोलायला लागली की ऐकत राहावंसं वाटतं. एखाद्या पात्राचं वागणं पटलं नाही म्हणून दोघी-तिघी हमरीतुमरीवर येतात, कुणी आपल्या गावातला अगदी तसाच माणूस सांगतं. तीच मुलं लिहायला बसली की दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात बोलू लागतात. तो आवाज गाईडचा असतो, झेरॉक्स नोट्सचा असतो, अलीकडे मोबाईलवर क्षणात मिळणाऱ्या तयार परिच्छेदाचा असतो. आणि पहिल्या परिच्छेदात स्वतःचा आवाज हरवला की पुढच्या पानांत तो क्वचितच सापडतो. म्हणून शनिवारी दुपारी ग्रंथालयात आम्ही फक्त पहिल्या परिच्छेदाचा सराव करतो. पूर्ण निबंध लिहायचा नाही. एक कादंबरी, एक प्रश्न, पाच-सहा वाक्यं. लिहायचं, मोठ्यानं वाचायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं.

एवढ्याशा परिच्छेदाला इतकं महत्त्व कशासाठी, असं पालकच काय, काही सहकारीही विचारतात. याचं कारण असं की समीक्षेच्या निबंधात पहिला परिच्छेद हा निबंधाचा करार असतो. वाचणाऱ्याला त्यातून चार गोष्टी कळाव्या लागतात: कोणतं पुस्तक, त्यातली नेमकी कोणती गोष्ट तुम्ही हातात घेतली आहे, तिच्याबद्दल तुमचं म्हणणं काय, आणि ते म्हणणं तुम्ही कोणत्या वाटेनं सिद्ध करणार. लेखकाचं जन्मगाव यात बसत नाही. कथानकाचा गोषवाराही बसत नाही. पुस्तक-परिचय लिहायचा असेल तर गोष्ट सांगणं योग्यच, कारण तिथे वाचकानं पुस्तक वाचलेलं नसतं. समीक्षेच्या निबंधात मात्र वाचणाऱ्यानं कादंबरी वाचली आहे असं धरून चालायचं आणि त्याला न दिसलेलं काहीतरी दाखवायचं.

आमच्या सरावातली पहिली चाचणी अगदी सोपी आहे. परिच्छेद लिहून झाला की त्यातलं कादंबरीचं आणि लेखकाचं नाव बोटानं झाकायचं आणि तिथे दुसरं नाव वाचायचं. "व्यंकटेश माडगूळकर यांनी ‘बनगरवाडी’त ग्रामीण जीवनाचे कसदार आणि वास्तववादी चित्रण केले आहे" या वाक्यात नाव बदलून श्री. ना. पेंडसे आणि ‘गारंबीचा बापू’ घातलं तरी वाक्य तसंच उभं राहतं. माणदेशाच्या जागी कोकण आलं, माळरानाच्या जागी माडपोफळी आल्या, तरी वाक्याला काही फरक पडला नाही. जे वाक्य दोन्ही पुस्तकांना चालतं ते दोन्हींपैकी एकाही पुस्तकाबद्दल काही सांगत नाही. ते काढून टाकायचं. पहिल्या दिवशी या चाचणीत बहुतेकांचा अख्खा परिच्छेद जातो. मुलं हिरमुसतात. मी त्यांना तिथेच थांबवत नाही, लगेच पुस्तक उघडायला लावते.

‘बनगरवाडी’ १९५५ची. माडगूळकर माणदेशातले, औंध संस्थानच्या मुलखातले. कादंबरीचा निवेदक म्हणजे राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा पोरसवदा मास्तर. धनगरांच्या एका लहान वाडीवर एकशिक्षकी शाळा चालवायला तो येतो. वाडी आधी त्याला जोखते, मग हळूहळू आपला मानते. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू, दादू बालट्या अशी माणसं त्याच्या अवतीभवती उभी राहतात. वाडीकर मिळून तालीम बांधतात, राजेसाहेब येतात. शेवटी दुष्काळ येतो आणि माणसं मेंढरं घेऊन वाडी सोडतात. परीक्षेतला ठरलेला प्रश्न असतो तो ग्रामीण किंवा प्रादेशिक कादंबरी म्हणून हिचे विशेष सांगण्याचा.

माण तालुक्यातून येणाऱ्या एका मुलीनं लिहिलेला पहिला मसुदा असा होता: "‘बनगरवाडी’ ही माणदेशातील दुष्काळाचे विदारक दर्शन घडवणारी कादंबरी आहे." तिच्या घरच्यांनी दुष्काळात जनावरं छावणीला नेली होती, तीही काही दिवस तिथे राहिली होती. दुष्काळ म्हणजे काय हे मला तिला सांगायची गरज नव्हती. मी तिला एवढंच म्हटलं, "दुष्काळ पुस्तकात कुठे सुरू होतो ते पान काढून दाखव." ती पानं उलटत राहिली. पुढे, आणखी पुढे. मग मान वर करून म्हणाली, "मॅडम, हा तर फार उशिरा येतो."

त्या क्षणी तिला तिचा निबंध सापडला होता. ज्या पुस्तकाला सगळे दुष्काळाची कादंबरी म्हणतात, त्यात बराच काळ दुष्काळ नाही. मग लेखक तोवर काय करत होता? तो वाडी उभी करत होता. माणसं, त्यांची भांडणं, शाळा, तालीम, मास्तराबद्दलचा संशय आणि मग विश्वास. तिचा नवा परिच्छेद तिच्या परवानगीनं देते:

"‘बनगरवाडी’ची ओळख दुष्काळाची कादंबरी अशी करून दिली जाते. प्रत्यक्षात दुष्काळ या कादंबरीत उशिरा येतो. त्याआधी माडगूळकर एक वाडी बारकाईने वसवतात, आणि तालमीच्या निमित्ताने तिला एकत्र काम करायला लावतात. वाचकाला वाडी आपली वाटू लागल्यावरच ती रिकामी होते. दुष्काळाच्या वर्णनापेक्षा या क्रमामुळे शेवट जिव्हारी लागतो, हे या निबंधात तालमीचे प्रसंग आणि अखेरचे प्रसंग शेजारी ठेवून दाखवायचे आहे."

यात ‘विदारक’ नाही, ‘हृदयस्पर्शी’ नाही. नाव झाकून दुसरं घातलं तर परिच्छेद कोसळतो. पुढे काय येणार तेही ऐकणाऱ्याला कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे याच्याशी कुणी वाद घालू शकतं. त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणालाच, की मेंढरांचं आणि पावसाचं बोलणं आधीपासून येत राहतं, दुष्काळाची चाहूल लेखक आधीच देतो. दोघं पुस्तक घेऊन बसले. ज्या विधानावर असा वाद होऊ शकतो त्यालाच मी निबंधाची भूमिका म्हणते. "‘बनगरवाडी’ ही श्रेष्ठ कादंबरी आहे" यावर कोण वाद घालणार?

लेखकाचं चरित्र पहिल्या परिच्छेदात कधीच येऊ नये, असं मात्र मी म्हणत नाही. ‘रणांगण’चं उदाहरण घ्या. विश्राम बेडेकरांवर लिहिताना मुलांना त्यांचं सगळं सांगायचं असतं. ते चित्रपट-दिग्दर्शक होते, त्यांची पत्नी म्हणजे विभावरी शिरूरकर या नावानं लिहिणाऱ्या मालतीबाई, ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सगळं खरं आहे आणि ‘रणांगण’च्या निबंधाला त्यातलं काहीही उपयोगी नाही. उपयोगी पडते ती एकच गोष्ट, कादंबरीचं प्रकाशनवर्ष: १९३९.

युरोपातून मुंबईकडे येणारी एक बोट. तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू निर्वासित. त्यांच्यात हॅर्टा ही तरुणी, आणि निवेदक चक्रधर विध्वंस हा प्रेमात पोळलेला मराठी तरुण. बोटीच्या प्रवासापुरतं त्यांचं प्रेम. आता १९३९ हे साल लक्षात घ्या. ज्यूंच्या सामूहिक संहाराच्या छावण्या पुढच्या काही वर्षांत उभ्या राहायच्या होत्या. बेडेकरांनी ही कादंबरी लिहिली तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आज आपण वाचतो तेव्हा आपल्याला ते ठाऊक असतं. हॅर्टाच्या प्रत्येक बोलण्यावर आपल्या या माहितीची सावली पडते. मग विचारता येतं: या कादंबरीतली भीती लेखकानं लिहिलेली किती आणि आपण वाचताना घातलेली किती? सालापासून सुरू होणारा परिच्छेद असा सरळ पुस्तकाच्या आत नेतो. चरित्रातली किंवा इतिहासातली जी गोष्ट काढली तर तुमचं विधानच उभं राहत नाही, तेवढीच ठेवायची. कविता महाजनांच्या ‘ब्र’बद्दलही तसंच. त्यातली प्रफुल्ला आदिवासी भागातल्या निवडून आलेल्या बायकांना भेटत फिरते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या, हे वाक्य तिथे हवंच, कारण त्याशिवाय त्या बायका त्या खुर्चीवर आल्याच नसत्या.

‘कोसला’वर लिहायचं म्हटलं की वर्गात एक वेगळीच अडचण उभी राहते. इथे गाईडची भाषा नुसती गुळगुळीत नसते, ती भारदस्तही असते. अस्तित्ववाद, परात्मता, मूल्यविघटन, सॅलिंजरच्या कादंबरीशी तुलना. एम.ए.ची मुलं हे शब्द पहिल्याच ओळीत ठेवतात आणि मग त्यांच्या ओझ्याखाली त्यांना हलता येत नाही. अशा वेळी मी आधी एक साधी दुरुस्ती करायला सांगते. "नेमाडे म्हणतात की" असं जिथे जिथे लिहिलं असेल, तिथे "पांडुरंग म्हणतो की" करायचं.

ही दुरुस्ती वाटते त्याहून मोठी आहे. कादंबरी १९६३ साली आली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते, आणि पांडुरंग सांगवीकरही आपली हकीगत पंचविसाव्या वर्षीच सांगतो. नेमाड्यांचं गाव सांगवी, पांडुरंगाचंही सांगवीच. खानदेशातून पुण्याला शिकायला जाणं दोघांच्याही वाट्याला. त्यामुळे लेखक आणि निवेदक एकच, असं समजून मुलं लिहितात. एकदा त्या दोघांना वेगळं केलं, की प्रश्न सुचायला लागतात. पांडुरंग इतका बोलतो, मग त्याला काय सांगायचं नाहीये? वसतिगृहातल्या गमती तो इतक्या तपशिलानं का सांगतो? रोजनिशी मध्येच का येते? इतिहासाच्या भाषेची नक्कल कशासाठी? हे प्रश्न लेखकाला विचारता येत नाहीत, निवेदकाला विचारता येतात. आणि ज्या तीन कादंबऱ्या मी इथवर विस्तारानं सांगितल्या, त्या तिन्हींचा निवेदक ‘मी’ म्हणून बोलणारा तरुण पुरुष आहे. मास्तर, चक्रधर, पांडुरंग. तिघांनाही सगळं दिसत नाही. जे त्यांना दिसत नाही ते आपल्याला कुठे दिसतं, हा कोणत्याही प्रथमपुरुषी कादंबरीवर निबंध सुरू करायचा माझा आवडता दरवाजा आहे.

‘कोसला’तली मनी, पांडुरंगाची धाकटी बहीण, देवीच्या आजारात जाते. एका विद्यार्थ्यानं त्यावर लिहायचं ठरवलं. त्याचं म्हणणं असं होतं, की पांडुरंगाच्या तोंडी सतत येणारे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ ही त्याची ढाल आहे, आणि मनीच्या मरणाच्या पानांत ती ढाल त्याच्या हातून पडते. विधान मोठं आकर्षक होतं. सगळ्या वर्गाला आवडलं. मी विचारलं, "मोजलंस का?" तो ग्रंथालयातली प्रत घेऊन बसला, एका वहीत त्या पानांतले आणि आधीच्या पानांतले असे शब्द टिपू लागला. निष्कर्ष काय आला ते मी इथे सांगत नाही. ज्यांच्या घरी ‘कोसला’ आहे त्यांनी स्वतः ती पानं काढून पाहावीत. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की पाच ओळींच्या परिच्छेदानं एका मुलाला पुस्तक हातात घेऊन पुन्हा वाचायला बसवलं. "अस्तित्ववादी जाणिवेचे प्रगल्भ दर्शन" या शब्दांनी तो पुस्तकाकडे कधीच वळला नसता.

किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) मी सरावाला मुद्दाम देते, कारण तिथे गोषवारा लिहिण्याची पळवाटच नाही. कुशंक पुरंदरेची हकीगत सरळ रेषेत येत नाही, तुकडे मागेपुढे होतात. गोष्ट सांगून पान भरता येत नाही म्हटल्यावर मुलं आपोआप रचनेबद्दल बोलू लागतात.

आता जिथे मला स्वतःला फार जपून पावलं टाकावी लागतात ती जागा. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) सातारा जिल्ह्यातल्या वर्गात शिकवणं ही साधी गोष्ट नाही. जांभळी गाव धरणाखाली जातं, आणि खैरमोडे गुरुजींसारखी माणसं पुनर्वसनासाठी झगडत राहतात. या कादंबरीला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माझ्या वर्गात दर वर्षी कुणीतरी असतं ज्याच्या आजोबांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. अशा एका मुलानं पहिल्या परिच्छेदात कादंबरीबद्दल एक अक्षरही लिहिलं नव्हतं. सगळं आजोबांबद्दल होतं. वर्गात वाचून दाखवताना त्याचा गळा दाटून आला. समोर बसलेल्यांपैकी कुणी बोलेना.

त्याला "हे विषयाला धरून नाही" असं सांगणं मला शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. पण तो परिच्छेद तसाच ठेवला असता तर निबंधात पुस्तकाला जागा उरली नसती. मी त्याला म्हटलं, "आजोबांमुळे तुला या पुस्तकात असं काय दिसलं, जे मला दिसणार नाही?" तो दोन दिवसांनी आला. म्हणाला, "मॅडम, सगळे म्हणतात ही गाव बुडाल्याची कादंबरी आहे. आमच्या घरी गाव बुडाल्याचं कमी बोलतात. दाखल्याचं, सातबाऱ्याचं, संकलनाच्या रजिस्टरचं जास्त बोलतात. पुस्तकातही तसंच आहे." तिथून त्याचा परिच्छेद तयार झाला. गाव पाण्याखाली जाणं ही कादंबरीतली एक घटना, पण कचेऱ्यांच्या फेऱ्या मात्र कादंबरीभर पसरलेल्या. लेखक स्वतः प्रशासकीय सेवेत होते, त्यामुळे कागद कसा फिरतो आणि कुठे अडतो हे ते तपशिलानं दाखवतात. या तपशिलातूनच विस्थापन ही एका दिवसाची आपत्ती न राहता वर्षानुवर्षं चालणारी गोष्ट बनते. आजोबांचा उल्लेख परिच्छेदात कुठेही नव्हता. आणि तरीही तो परिच्छेद त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता आला नसता.

या मुलांना कादंबरीबद्दल काही म्हणायचं नसतं असं नाही. आपलं म्हणणं लिहिण्याजोगं आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. माणची मुलगी, पाटणचा मुलगा, वाईच्या एखाद्या दुकानदाराची लेक, यांना आपलं आयुष्य आणि समीक्षेची भाषा या दोन वेगळ्या खोल्या वाटतात. मग ते गाईडच्या भाषेआड उभे राहतात. तिथे सुरक्षित वाटतं, गुणही बरे मिळतात. हे मला मनापासून खटकतं. ज्यांनी दुष्काळ पाहिला, धरण पाहिलं, ग्रामपंचायतीत आईला खुर्चीवर बसलेलं आणि तिच्या शेजारी तिच्या वतीनं बोलणारा बाप पाहिला, त्यांनीच या कादंबऱ्यांवर लिहिताना "प्रभावी चित्रण" म्हणून मोकळं व्हायचं?

लिहिण्याच्या पातळीवर याला एक उपाय मला सापडला आहे: क्रियापद बदला. लेखकानं "चित्रण केले आहे", "दर्शन घडवले आहे", "प्रकाश टाकला आहे", ही तीन क्रियापदं आमच्या सरावात बंद आहेत. त्याऐवजी लेखक त्या पानावर नेमकं काय करतो ते लिहायचं. तो लपवतो, लांबवतो, आधीच सांगून टाकतो, एखादी गोष्ट दोनदा सांगतो, दुसऱ्या पात्राच्या तोंडून वदवतो, शेवटपर्यंत गप्प राहतो. "बेडेकर प्रेमाचे चित्रण करतात" असं लिहिलं की पुढे वाट बंद. "बेडेकर या प्रेमाला बोटीच्या प्रवासाची मुदत घालतात" असं लिहिलं की पुढचा परिच्छेद आपोआप सुचतो.

आणखी एक प्रश्न मुलं नेहमी विचारतात: पहिला परिच्छेद आधी लिहायचा की शेवटी? दोन्ही वेळा. आधी लिहायचा तो अंदाज म्हणून, आपल्याला काय म्हणायचं आहे ते चाचपण्यासाठी. निबंध लिहिता लिहिता मत सरकतं, कधी उलटतं. तिसऱ्या पानावर पोचल्यावर खरं म्हणणं सापडतं असं फार वेळा होतं. मग मागे येऊन पहिला परिच्छेद नव्यानं लिहायचा. परीक्षेत तेवढी उसंत नसते हे मान्य. म्हणून तर सराव परीक्षेच्या आधी करायचा. परीक्षेत पहिली काही मिनिटं कच्च्या पानावर फक्त दोन ओळी लिहायच्या: माझं म्हणणं काय, आणि त्यासाठी मी कोणते दोन-तीन प्रसंग घेणार. प्रश्नही नीट वाचायचा. "निवेदनशैलीचे विशेष स्पष्ट करा" असं विचारलं असेल आणि तुम्ही आशयाबद्दल सुरुवात केली, तर सुरुवात कितीही सुंदर असली तरी ती दुसऱ्याच प्रश्नाची असते.

चांगले नमुने कुठे मिळतात? ग्रंथालयात. कुसुमावती देशपांडे यांचं ‘मराठी कादंबरी: पहिले शतक’, नरहर कुरुंदकरांचं ‘धार आणि काठ’, नेमाड्यांचं ‘टीकास्वयंवर’. माझ्याकडे ही पुस्तकं मुलं अख्खी वाचत नाहीत, सुरुवातीला वाचायची सक्तीही मी करत नाही. प्रत्येक लेखाचा फक्त पहिला परिच्छेद वाचायचा आणि सांगायचं, की या माणसाचं म्हणणं काय असेल. आमच्या वाईहून निघणाऱ्या ‘नवभारत’ मासिकाचे जुने अंकही यासाठी फार कामाचे आहेत. कुरुंदकर वाचताना मुलं दचकतात. एवढ्या ठामपणे नावाजलेल्या लेखकाबद्दल बोलायचं असतं? बोलायचं असतं, मी सांगते, फक्त पुढची पानं त्या ठामपणाला पुरावा देणारी हवीत.

कादंबरी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना यानिमित्तानं एक विनंती करायची आहे. सेमिस्टरमधल्या अंतर्गत गुणांसाठी आपण असाइनमेंट घेतो, आणि दहा पानांच्या उतरवलेल्या नोट्स आपल्या टेबलावर येऊन पडतात. त्यांतली एक असाइनमेंट फक्त पहिल्या परिच्छेदाची ठेवा. कादंबरी एकच द्या, प्रश्न एकच द्या, पाच-सहा वाक्यांची मर्यादा घाला, आणि वर्गात बसून, पुस्तक समोर ठेवून लिहायला सांगा. जो परिच्छेद चुकलेला असेल पण पुस्तकातल्या एखाद्या खऱ्या पानाला हात घालत असेल, त्याला गुळगुळीत परिच्छेदापेक्षा जास्त गुण द्या. पन्नास मुलांचे पन्नास परिच्छेद एका दुपारी वाचून होतात, आणि प्रत्येकाशी दोन-दोन मिनिटं बोलायला आणखी एक दुपार पुरते.